बाळाशी बोलत राहा

ती. सौ. वहिनीस,

साष्टांग नमस्कार. (वाकून करता येत नाही, मांडीवर एक परकं मूल झोपलंय आणि त्याची आई भाजी आणायला गेलीय. कागदावरचा गोड मानून घे.) तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? मी ठणठणीत आहे, फक्त कान बसलेत. घसा बसतो तसे कानही बसतात, हे या नोकरीत कळलं.

तुला ठाऊकच आहे, मी हल्ली बालकेंद्रात आयांना शिकवते: तान्ह्या-रांगत्या मुलांशी कसं खेळावं, कसं बोलावं, म्हणजे त्यांची बुद्धी वेळेवर उमलते. महागडी खेळणी नकोत, वाटी-चमचा पुरतो, हे सगळ्यांना लगेच पटलं. (माझा चष्मा आणि केंद्राची किल्ली एका वाटीत गेली. वाटी कुठे गेली, ते अजून कळलेलं नाही.) पण "बाळाशी बोला" म्हटलं की सगळ्या गप्प. म्हणे, ते कुठे उत्तर देतं? मी म्हटलं, उत्तर तर नवराही देत नाही, म्हणून बोलायच्या थांबलात का? जे कराल ते बोलून दाखवा. आता आपण भांडं घासतोय, आता आपण दार लावतोय. इथे माझी अक्कल चरायला गेली होती.

वर्गात शिवणकाम करणारी एक आई आहे. तिचा मुलगा दोन वर्षांचा झाला तरी एक शब्द बोलत नव्हता. कान तपासले, ते उत्तम. सासू म्हणायची, याचा बापही उशिराच बोलला. (बोलून त्याने काय दिवे लावले, हे सून मनात म्हणायची.) एकदा मला कोपऱ्यात गाठून ती म्हणाली, "बाई, एकदा त्याच्या तोंडून काहीतरी ऐकायचंय हो. काहीही." मी म्हटलं, बोलत राहा.

ती इतकी बोलत राहिली की शिलाई मशीनचा आवाज ऐकू येईना. एका सकाळी ती बाळाला सांगत होती, "आता आपण आजीच्या चहात साखर घालायचं नाटक करतोय. डॉक्टरांनी बंद केलीय ना? आजीला कळणार नाही हं!" आजी दारातच उभी.

दुसऱ्या दिवशी सासूबाई वर्गात हजर. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. पण त्यांनी सतरंजीवर बसकण मारली, नातवाला मांडीवर घेतलं आणि त्याच्या कानात, पण साऱ्या खोलीला ऐकू जाईल असं, म्हणाल्या, "आता आपण आईच्या हातचा फिका चहा आठवतोय." सून म्हणाली, "आता आपण आजीच्या रक्तातली साखर आठवतोय." झालं! बाकीच्यांनाही चेव आला. जावा जावांना, शेजारणी शेजारणींना पोरांमार्फत सुनावायला लागल्या. पोरं बिचारी एकदा इकडे, एकदा तिकडे माना वळवत बसली.

तेवढ्यात तपासणीचे साहेब आले. वाटलं, आता तरी शांतता होईल. पण कुणीतरी त्यांना माझा नियम सांगितला आणि तो त्यांना भलताच आवडला. त्यांनी नेमकं त्याच मुलाला उचललं आणि सुरू झाले, "आता आपण फिरतोय, आता आपण खिडकी बघतोय, खिडकीला काच नाही, काचेसाठी आपण तीनदा वर कळवलंय..." थांबेचनात! मुलाने आईकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं, साहेबांच्या तोंडावर आपला ओला पंजा दाबून धरला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "बास!"

आई रडायला लागली, सासू तिच्या गळ्यात पडली, "बोलला गं, बोलला!" "हो ना आई, बोलला!" दोघी एकमेकींशी थेट बोलताहेत, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. साहेबांनी रुमालाने तोंड पुसलं आणि गंभीरपणे म्हणाले, "उच्चार स्पष्ट आहे."

मोठ्यांना नमस्कार, लहानांना पापे.

तुझी धाकटी नणंद

ता. क. साहेब खूश होऊन आता बापांचाही वर्ग काढायला सांगताहेत. एकही बाप फिरकत नाही. नमुन्यादाखल घोडा होऊन दाखवणारा एक बाप हवाय. दादाला चार दिवस पाठव.

ता. ता. क. त्याला घोड्याचं सांगू नकोस. बहिणीचं कपाट हलवायचंय म्हण.

आणखी एक. दादा घरात तोंड उघडत नाही, ही तुझी लग्नापासूनची तक्रार. त्याला बोलता करूनच परत पाठवीन. पण नीट विचार करून कळव, कारण गप्प बसायला शिकवण्याचा वर्ग आमच्याकडे नाही.