तिच्याकडे लाल, माझ्याकडे कोरा

४ फेब्रुवारी

आजही काही नाही.

आईच्या हाताचा फोटो टाकला होता. उजव्या हाताने चमचा धरला तिने, पहिल्यांदाच! चेहरा मी कधीच टाकत नाही. वाकडं झालेलं तोंड तिला चारचौघांत नको असतं. नुसता हात, चमचा आणि खाली एक ओळ. सहा-सात ओळखीच्यांनी बदाम दाबले. दातांच्या लॅबमधल्या माझ्या सोबतच्या प्लास्टरवालीनेसुद्धा. ताईचा नाही.

दिवसभर परक्यांच्या कवळ्या घासायच्या, पॉलिश करायच्या, आणि घरी येऊन स्वतःच्या आईला भरवायचं. कंबर धरलीय. बदाम दाबायला ताईला कितीसे कष्ट पडतात?

६ फेब्रुवारी

नाही.

९ फेब्रुवारी

एकदा लिहूनच टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल.

आईला झटका आला तेव्हा ताई चार दिवस हॉस्पिटलात होती. शेवटच्या दिवशी जिन्यात म्हणाली, "तुझ्याच्याने हे व्हायचं नाही. नोकरी सांभाळशील की आई?" मी म्हटलं, "होतं की नाही ते बघच. आणि रोज फोन करून माझी परीक्षा घेऊ नकोस." तिने शब्द पाळला. एक फोन नाही. मीही केला नाही. मग मी हे फोटो टाकायला लागले. सगळ्यांसाठी म्हणून, पण खरं तर तिच्यासाठीच. तिचं खातं आमच्या नाही, दुसऱ्या सर्व्हरवर असलं तरी दोन्ही जोडलेले आहेत आणि तिथून आमचं सगळं दिसतं, एवढं मला माहीत होतं.

म्हणजे बघतेय. बघून गप्प बसतेय. शाबास!

१३ फेब्रुवारी

आईने आज भिंत धरून खिडकी गाठली. फोटो टाकला, भिंतीवरचा तिचा पंजा. चौदा बदाम. ताईचा नाही.

आईला मोबाइल दाखवला. तिने बदामावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "ता?" एवढंच. अख्खं 'ताई' अजून तोंडातून निघत नाही. "बघितलंय तिने," म्हटलं. आईशी खोटं बोलायचीसुद्धा आता सवय झाली.

१६ फेब्रुवारी

मास्तरांकडे गेले होते. शाळेत गणित शिकवतात आणि घरी मागच्या खोलीत आमचा सर्व्हर चालवतात — कपाटाएवढी घरघर, जेमतेम तीनशे माणसं. खातं बंद करा म्हणून सांगायला गेले होते. कंटाळा आलाय. का, म्हणाले. रडायचं नव्हतं, पण सांगता सांगता रडलेच.

मास्तर ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, "तुमच्या बहिणीने दाबला नाही, हे कशावरून?"

"दिसत नाही म्हणून!"

"तुम्हाला दिसत नाही. ते वेगळं."

मग खडू हातात असल्यासारखे समजावत बसले. मोठ्या कंपनीकडे सगळ्यांचा हिशोब एकाच जागी असतो. इथे घरं वेगळी, चुली वेगळ्या. ताईने बदाम दाबला की आधी तिच्या घरी तो लाल होतो. मग तिचा सर्व्हर आमच्या सर्व्हरला निरोप पाठवतो, की अमकीला तमकीचं हे आवडलं. निरोप पोचला तर आमच्याकडे एक आकडा वाढतो. नाही पोचला तर तिच्याकडे लाल, माझ्याकडे कोरा.

"आणि दार बंद असलं तर?"

"थोड्या वेळाने पुन्हा येतो. मग आणखी थांबून. शेवटी नाद सोडतो."

"मग तिला कळतं ना, पोचलं नाही म्हणून?"

मास्तरांनी नकारार्थी मान हलवली. "तिच्याकडे तो लालच राहतो. तिने आपलं काम केलं."

ताईच्या सर्व्हरवर मास्तरांचं एक जुनं खातं आहे. ते उघडून त्यांनी माझे फोटो शोधले. तेच फोटो, पण तिकडून पाहिलेले.

चमचा — ताईचा बदाम. पंजा — ताईचा बदाम. खाली खाली जात राहिलो. एकही चुकवलेला नाही.

मास्तर खुर्चीतच खचले. फसव्या जाहिरातींचा लोंढा यायला लागला म्हणून त्यांनी दारावर गाळणी बसवली होती. त्या गाळणीने कचऱ्याबरोबर ताईचा अख्खा सर्व्हरच अडवला. आमचं बाहेर जात होतं, त्यांचं आत येत नव्हतं. "आंधळा चौकीदार बसवला हो मी," म्हणाले. रागवायला हवं होतं. त्राणच नव्हतं.

१७ फेब्रुवारी

काल बदामच पाहिले, मजकूर वाचायचा धीर झाला नाही. हो, बदामांखाली तिने लिहिलंही होतं. आज मास्तरांनी ते मला उघडून दिलं, आणि स्वतः चहा करायला म्हणून आत निघून गेले.

"चमचा उजव्यात! शाब्बास आई."

"नखं कापतेस ना गं वेळेवर? छान दिसतायत."

"बोल ना. एवढी रागावलीस?"

"मी जिन्यात चुकीचं बोलले. तुला जमतंय."

मी एकाचंही उत्तर दिलेलं नाही. ती तिकडे काय समजली असेल! मी इकडे जे समजत होते, तेच.

१९ फेब्रुवारी

मास्तरांनी गाळणी काढली. जुने निरोप काही आपोआप यायचे नाहीत, पण आता नवे येतील म्हणाले.

आले! आईने आज कप उचलला, त्या फोटोखाली. आधी बदाम, मग ओळ: "फोटोत तुझाही हात आलाय. किती वाळलीस. थोडे दिवस आईला माझ्याकडे आणू का?"

लॅबच्या जिन्यात उभी राहून वाचलं. इतक्या महिन्यांत माझ्या हाताकडे कुणी पाहिलं नव्हतं. काय लिहावं सुचेना, बोटं मेणाने चिकट. तिच्या ओळीखालचा बदाम दाबला आणि कामावर गेले. रविवारी फोन करीन. निवांत बोलीन.

२३ फेब्रुवारी, रविवार

फोन करायच्या आतच दारात ताई. खाली टॅक्सी उभी. मला मिठी मारली, आईच्या पायाशी बसून रडली आणि डोळे पुसून सरळ कपाट उघडलं. आईचे गाऊन, गोळ्या, वॉकर.

"अगं, हे काय?"

"तू हो म्हणालीस ना! बदाम दाबलास."

या वेळी बदाम पोचला होता, पण होकार म्हणून.

"म्हणजे — तसं नव्हतं?" गाऊन हातात तसाच धरून ताई थांबली. आई एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. खाली हॉर्न वाजला.

म्हटलं, "तसंच होतं."