खिडकीत पालथा घातलेला कप

सोमवार, दुपार

गुंड्यास,

आधी बारका आला, मग धापा टाकत जाडा. आपल्या जिन्याने भल्याभल्यांचा माज उतरवलाय, जाड्याचं काय घेऊन बसलास. दारातूनच बारका म्हणतो, "आजी, इथे अभ्यासवर्ग भरतो ना? आम्हालाही बसायचंय." म्हटलं, बसा की! खुर्च्या दोन, तुम्हीही दोघंच.

हां, आशीर्वाद राहिलाच. अनेक आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघा त्याच्या मनाला येईल तसा वागतो. तू गिरणीत मुकादम झालास तरी जेवायची वेळ चुकवू नकोस. आणि हे पत्र मी स्वतःच्या हाताने लिहितेय बरं का! आपला वर्ग घेतात ते मास्तर छापखान्यात अक्षरं जुळवतात ना, त्यांनी झिजलेले खिळे आणून दिले, ते बघून गिरवते. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, म्हणून माझा 'क' बरेच दिवस पाठमोरा निघायचा. म्हातारपणी शिंगं फुटलीत बघ मला.

तू गेल्यापासून वर्ग खूप पुढे गेलाय. पूर्वी जमीन सरदाराची, कुळं तिला बांधलेली. मग व्यापारी आले, वाफेची यंत्रं आली, सरदार मागे पडला आणि जमिनीवरून हुसकलेली माणसं पोरंबाळं घेऊन कारखान्याच्या दाराशी उभी राहिली. यंत्र एकाचं, हात दुसऱ्याचे. सकाळी कामगार आपल्या पोटापुरतं कमावतो, दुपारनंतरचं सगळं मालकाच्या घरात. त्यावर शिंपीणबाई म्हणाली, "आणि घरी जाऊन मी स्वयंपाक करते, तो कुणाच्या घरात?" मास्तर डोकं खाजवायला लागले. सुतार म्हणाला, "तुझ्या नवऱ्याच्या पोटात. बेरीज करून ठेव!" हसून हसून माझी कवळी निसटली.

तर त्या यंत्रांच्या काळात एका थंड मुलखात दोघा दोस्तांनी एक पातळ पुस्तक लिहिलं. यंत्रं सगळ्यांची झाली की मालक-मजूर उरणार नाहीत, आणि पुढे सरकारसुद्धा पिकल्या पानासारखं गळून पडेल. "कधी?" मी विचारलं. मास्तर म्हणाले, "तेवढं लिहिलेलं नाही, आजी." म्हणूनच हा माणूस मला आवडतो. पुढचंही झाकून ठेवत नाही. एका मोठ्या देशात राजा उलथवला, कारखाने सगळ्यांचे म्हणून दवंडी पिटली, आणि मग वर बसलेल्यांना जो तो फितूर दिसायला लागला. शेजारी शेजाऱ्याचं नाव सांगायचा, मुलगा बापाचं. माणसं नाहीशी व्हायची. शिंपीण चिडली, "मग कशाला शिकवता हे?" ते म्हणाले, "भूक खरी आहे म्हणून. आणि ते पुन्हा घडू नये म्हणून."

बघ, पाहुणे राहिलेच. बारक्याला सगळं तोंडपाठ. वर्गसंघर्ष काय, वरकड मूल्य काय, लाह्या फुटाव्यात तसं बोलत होता. जाडा नुसता भिंती न्याहाळत होता, खोली भाड्याने घ्यायला आल्यासारखा. मग हळूच विचारतो, "मास्तर राहतात कुठे?" म्हटलं, "बाबा, मला माझा चष्मा कुठे राहतो ते आठवत नाही."

चहा झाला. आपला नियम तुला ठाऊकच आहे. इथे कुणी कुणाचा नोकर नाही, ज्याचा कप त्याने धुवायचा. मी मुद्दाम काही बोलले नाही. नवा माणूस कप खाली ठेवतो, नाहीतर माझ्या हातात देतो. पहिल्या दिवशी मास्तरांनीही दिला होता. जाड्याने खाली ठेवला. बारका मात्र उठला, पडद्यामागे नळाशी गेला, कप धुतला, खिडकीतली कुंडी सरकवली आणि तिथे कप पालथा घातला.



कुणीतरी आतल्याने सांगितल्याशिवाय हे होत नाही. मग मी एकेकावर संशय घेऊन पाहिला. शिंपिणीवर घेतला, तिच्या नवऱ्याकडे नवी सायकल कुठून आली? सुतारावर घेतला, तो हल्ली गप्प असतो, दाढ दुखते म्हणतो. पाववाल्यावर घेतला, त्याचं तर कामच दारोदार फिरायचं. मास्तरांवरसुद्धा घेतला, देवा! पण एकावरही तो टिकेना.

कारण खिडकीत आता कुणी कप ठेवत नाही, गुंड्या. तू यायचा थांबलास, त्यानंतर वाऱ्याने एक कप खाली पडला, खालच्या भाडेकरणीच्या अगदी पायाशी. तिने गल्ली डोक्यावर घेतली. तेव्हा सुताराने शेगडीच्या वर भिंतीला फळी ठोकली. सगळे कप तिथेच. बारक्याच्या नाकासमोर होती फळी. ती सोडून तो खिडकीशी गेला. आत्ता येणारी माणसं त्याला फळी सांगतील. खिडकी कोण सांगेल?

तुला मुकादमी कशी मिळाली, मी कधी विचारलं नाही. लोक विचारायचे, मी म्हणायचे, पोरगं कष्टाळू आहे. आहेसच. कदाचित साहेबाने खांद्यावर हात ठेवून विचारलं असेल, "काय रे, आजीकडे काय गंमत चालते?" आणि तू कपांची गंमत सांगितली असशील. तसं असेल तर तसं सांग. त्याहून जास्त असेल तर तेही सांग.

ते गेल्यावर, शिंपीण यायच्या आत, मी तो कप उचलून फळीवर ठेवला. कुणाला ते अजून बोलले नाही. पण तुमच्या रंगखात्यातल्या बोलघेवड्याला पोलिसांनी पकडून नेलं, तो अजून घरी आलेला नाही. त्याची आई फाटकाशी उभी असते. तू रोज तिच्यासमोरून आत जात असशील. उद्या त्या जागी मास्तरांची बायको उभी राहिली, तर माझ्या नातवाला मी कुठल्या तोंडाने जेवू घालू?

बुधवारी संध्याकाळी सगळे जमतील तेव्हा मी कपाचं सांगणार आहे. नाव घेणार नाही, पण डोकी त्यांनाही आहेत. त्याआधी तू ये. तुझ्या तोंडून सांग. शिव्या बसतील, सुतार हात उगारेल, मी मध्ये पडेन, गुडघ्यासकट. मग चहा घे, कप धू आणि फळीवर ठेव. कडेला जागा आहे.

पत्र पाववाल्याच्या हाती देतेय, तो रोज तुमच्या फाटकाशी येतो. डिंक भरपूर लावलाय. पाकीट उघडलेलं दिसलं तर कळव, म्हणजे पुन्हा त्याच्यावर संशय घेता येईल. कुणाही दुसऱ्यावर घ्यायला मी तयार आहे.

तुझी, आणि त्या सगळ्यांचीही,
आजी

ता.क. दोघं गुरुवारी परत येतो म्हणालेत.