कॉलेजात आधी तुम्हीच पोचलात, बाबा!

जयभीम बाबा,

आज आमचा डिसेक्शनचा पहिला तास झाला. तो झाल्यावर आईला फोन केला, आणि फोनवर जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला घास जाणार नाही. म्हणून लिहिते.

पण आधी थोडं भांडते. देहदान करायचं ठरवलंत, तेव्हा आईला काय म्हणालात? "बारावीत नापास झालो, कालेज पाहालेच नाई भेटलं. मेल्यावर तरी मेडिकल कालेजात जातो. फीस नाई, परीक्षा नाई!" आई ताटावरून उठून गेली आणि तुम्ही हसत बसलात. असं बोलतात का हो बायकोपुढे?

वीज केंद्राच्या ऊर्जानगर वसाहतीतल्या क्वार्टरमधला माझा अभ्यास आठवतो? तुम्ही शिफ्ट संपवून यायचे, हातावरची कोळशाची काजळी घासून काढायचे आणि जेवायला बसल्या बसल्या हुकूम, "सांग, आज काय शिकली?" मी किडनी समजावायची. जरा अडखळले की लगेच, "तुलेच नाई समजलं, मंग मले काय सांगतं?" झालं! पुन्हा पुस्तक उघडा. कोचिंगच्या सरांपेक्षा तुमचीच धास्ती जास्त होती.

आणि दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये तुमचा क्लास! एकदा घरी अपेंडिक्स मी माझ्या उजव्या बाजूला हात ठेवून दाखवलं. तुम्ही समोर बसलेले, म्हणून तुम्ही ते आपल्या डाव्या बाजूला धरलं. दुसऱ्या दिवशी बसमध्ये तुमच्या सोबतच्या वासुदेवभाऊंच्या डाव्या कुशीत कळ आली, तर "आता फुटते!" म्हणून बस थेट दवाखान्यात न्यायला लावली. निघाला गॅस! त्यानंतर सगळी बस तुम्हाला डाक्टरसाहेब म्हणायची, आणि तुम्ही खुशाल ओ द्यायचे.

पहिल्या नीटमध्ये फिजिक्सनं मला आडवं केलं. मी म्हटलं, जाऊ द्या, बीएस्सी करते. तुम्ही रागावला नाहीत. "पडली त पडली. मी पडलो अन् बसूनच रायलो, थे चुकलं. तू उठ." उठले की! पण निकालाची वाट तरी पाहायची ना, बाबा! माझ्या दुसऱ्या परीक्षेच्या आधीच झोपेत निघून गेलात.

आईनं तुमचा शब्द पाळला, तुम्हाला चंद्रपूरच्या कॉलेजात पाठवलं. पण तेव्हापासून तिचा एकच प्रश्न, "तुया बापाले कोन पोट्टे चिरून रायले असतीन?" माझा नंबर लागला तेव्हा मी मुद्दाम चंद्रपूर सोडून गडचिरोली मागितलं. तुम्ही ज्या हॉलमध्ये, त्यात पाय ठेवायची माझी हिंमतच नव्हती.

आज इथल्या हॉलमध्येही मी सगळ्यांत शेवटी शिरले. टेबलावर एक आजोबा होते. वाटलं, आता मी पळते! पण मॅडमनी कोणाला चाकूला हातच लावू दिला नाही. आधी सगळ्यांना टेबलाभोवती उभं केलं आणि मान खाली घालून शपथ म्हणायला लावली. हे आमचे पहिले गुरू, यांची कधी थट्टा करणार नाही, यांच्या घरच्यांचे आम्ही ऋणी आहोत. घरच्यांचे, बाबा! म्हणजे आईचेसुद्धा! मी तर एवढ्या मोठ्यानं म्हटलं, की बाजूची पोरगी बघतच राहिली.

हे सगळं आईला सांगितलं. ती हळूच म्हणाली, "तुया बाबासमोर पन म्हनली असन पोरायनं?"

"म्हटलीच असेल, आई."

"मान खाली घालून?"

"हो."

आणि बाबा, ती हसली हो! तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा अशी खळखळून हसली. म्हणाली, "बारावी नापास मानूस अन् डाक्टरायचा गुरुजी! आता त थो हवेतच असन!"

उद्यापासून माझ्या हातात चाकू येईल. त्या आजोबांच्या घरीही कोणीतरी आईसारखंच विचारत असेल, आमच्या माणसाला कोण चिरत असेल? मी चिरतेय, बाबा. हलक्या हातानं चिरीन आणि एक दिवसही वाया घालवणार नाही, हा माझा शब्द.

तुमचीच,
करुणा