नव्या सीट कव्हरला कात्री

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
मैंदर्गी, ५ जानेवारी २०२५

चि. सौ. महेश्वरी हिस अव्वाचे आशीर्वाद. वि. वि.

फोन केला असता तर भांडणच झालं असतं, म्हणून पत्र. वेळ अमावास्येला माहेरी आलीस, भज्जी-भाकरी खाल्लीस आणि जाता जाता भावाच्या गाडीच्या नव्या सीट कव्हरला कात्री लावून गेलीस! मल्लेशने नवी पेठेतून शिवून आणलेली मखमल ती. मागच्या सीटवर दोन भोकं, उंदराने कुरतडल्यासारखी. म्हणे, खाली बेल्टची बक्कलं दबली होती. मागे बसणाऱ्या बाईला बेल्ट कशाला गं? इरकलीची घडी मोडते ती वेगळीच. जावईबापूंना शरणु-नमस्कार सांग, पण यातलं काही बोलू नकोस. शोभा आपलीच व्हायची.

तुझ्यावर रागावलेली,
अव्वा

सोलापूर, ११ जानेवारी २०२५

ती. अव्वास सा. न. वि. वि.

न विचारता कात्री लावली, ते चुकलंच. भोकं पाडल्याचं मात्र मला जराही वाईट वाटत नाही. त्या दिवशी गाडीतून जाताना कुत्रं आडवं आलं, मल्लेशअण्णाने ब्रेक मारला आणि तू पुढच्या सीटवर आपटलीस. कपाळ चोळत हसलीस. मला नाही हसू आलं. तुला काही झालं तर मी भांडू कुणाशी? वर्षभर अबोला धर हवा तर, पण बेल्ट लाव. मखमलीचा तुकडा पाठव, भोकांना गोट लावून देते.

लोभ आहेच, तो रागातही असू दे.
तुझी,
महेश्वरी

मैंदर्गी, २० जानेवारी २०२५

चि. सौ. महेश्वरी हिस अव्वाचे पोटभर आशीर्वाद.

मल्लेशने फोनवर सांगितलं ते खरं आहे, आम्ही सगळे सुखरूप आहोत. त्याला ठाऊक नाही तेवढं लिहिते.

मोहोळला हळदीला निघालो होतो. मागे मी आणि विहीणबाई, मल्लेशच्या सासू शिवबाई. त्यांना ती भोकं दिसली असती तर जन्मभर ऐकावं लागलं असतं. बेल्ट लावला की भोक मुद्दाम ठेवल्यासारखं दिसतं, हे माझ्या ध्यानात आलं. म्हणून मी लावला, आणि नव्या गाडीत अशीच रीत असते असं सांगून त्यांनाही लावायला लावला. लई आवळतंय म्हणून त्या अक्कलकोटपर्यंत कुरकुरत होत्या. तुझं ऐकलं असं मात्र समजू नकोस. तुझं पत्र मी तेव्हा रागाने ट्रंकेत टाकलं होतं.

वळसंगच्या अलीकडे अंधारून आलं. पुढे उसाची ट्रॉली, मागे ना लाल दिवा ना चमकपट्टी. मल्लेशने करकचून ब्रेक मारला तरी गाडी धडकलीच. माझ्या मांडीवरचा लाडवांचा डबा उडून पुढच्या काचेवर आदळला, काच तडकली. आम्ही दोघी जागच्या जागी. खांदा काळानिळा झालाय, डॉक्टर म्हणाले आठवड्यात उतरेल. त्या डब्याच्या जागी मी असते, हे आठवलं की अजून खांद्यावरचा वळ चाचपून बघते.

आमच्या विहीण नागम्माबाई किती पुढचा विचार करतात, असं शिवबाई आता नातेवाइकांत सांगत सुटल्यात. मी आपली मान डोलावते.

गाडी थांबली तेव्हा माझ्या तोंडून एकच नाव निघालं, महेश्वरी. शिवबाईंना वाटलं मी देवीचा धावा केला, त्यांनीही डोळे मिटून हात जोडले. मी तुलाच हाक मारली होती गं.

धडधाकट असलेली,
तुझी अव्वा