नर्सबाईंच्या जागी आलेला मिशीवाला

चि. सौ. छोटीस,

दादाचे आशीर्वाद. गुडघा सोडून इकडचं सगळं क्षेम आहे. भावोजींनी अंथरूण धरल्याला चौथा महिना लागला, म्हणजे तुझी कंबरही बोलायला लागली असणार (तू लिहिणार नाहीस, पण अक्षर वाकडं येतंय). माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ठेवलेला माणूस कसा आहे ते तू विचारलंस, म्हणजे भावोजींसाठी तसा बघायचा का ते तुला ठरवता येईल. तर ऐक. मला पहिल्या दिवसापासून त्याचा संशय आहे.

सूनबाईने मागवली होती नर्स. दार उघडलं तर सहा फुटी मिशीवाला. मी त्याला गॅसचा सिलिंडर कुठे ठेवायचा ते दाखवलं. तो शांतपणे म्हणाला, "काका, सिलिंडर नाही, तुम्हालाच उचलायला आलोय."

आता धडधाकट पुरुष आजाऱ्याचं भांडं उचलायला आपण होऊन येईल का? काहीतरी भानगड असणारच. खोदून विचारलं तर "आवडतं" एवढंच म्हणतो. तीन देशांत काम करून आलाय. एका ठिकाणी लोक त्याला डॉक्टर समजून वाकायचे, दुसरीकडे हमाल समजायचे, तिसरीकडे पेशंटचे नातेवाईक कपाटाला कुलूप घालायचे. (मी तिन्ही केलं, एकाच आठवड्यात.)

कुलपावर भागेना म्हणून मी माझं मनगटी घड्याळ मुद्दाम टेबलावर ठेवलं, कडेपासून बरोबर बेचाळीस मिलिमीटरवर. कारखान्यातलं मिलिमीटर मोजायचं व्हर्नियर अजून उशाशी असतं हे तुला ठाऊक आहेच. संध्याकाळी मोजलं तर चव्वेचाळीस. चोर सापडला म्हणून मी त्याला समोर उभं केलं. तो म्हणाला, "धूळ पुसली काका. पण मोजायला एकटेच उठलात का? वॉकर तर इकडेच आहे." उलट मलाच दम.

शिवाय तो एका वहीत चोरून काहीतरी लिहायचा. तो आंघोळीचं पाणी काढायला गेला तेव्हा वही काढली. आत लिहिलं होतं: दहा वाजता कूस बदलली, बारा वाजता कूस बदलली, पाठीवर लाली नाही, काका रागावले, दोन वाजता कूस बदलली. पानंच्या पानं तेच. वाचता वाचता मला आईची खोली आठवली. अकरा वर्षं तू तिला अशीच वळवत होतीस, वहीबिही न ठेवता. मी दारात उभा राहून "काही हवंय का गं?" विचारायचो आणि कामावर जायचो. पुरुषांना हे जमत नाही, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचो, जरा घाईनेच.

म्हणून माझा संशय कायम आहे. फक्त त्याच्यावरून उठून भलत्याच माणसावर बसलाय.

तुझा,
दादा

ता. क. तुझ्याकडे त्याला पाठवत नाही. डॉक्टरांनी मला मोकळं केलंय, सोमवारी मीच येतोय. कूस बदलायला जोर लागत नाही, चादर ओढायची असते. सूनबाईच्या गादीवरच्या लोडावर सराव केलाय. (लोड एकदाच पडला.) महिनाभर भावोजी माझ्याकडे दे आणि तू झोप.

ता. क. २. विश्वास बसत नसेल तर टेबलावर घड्याळ ठेव. मी धूळ पुसणार आहे.