हरण्याची झूल

बाबा,

आईले यवतमाळच्या दवाखान्यात नेऊन राह्यलो. तुमी वावरात गेले, म्हणून चिठ्ठी ठेवली. भाकर शिंक्यावर हाय, वरण चुलीपाशी.

हरण्या बैल विकून फटफटी घेतली, तवापासून तुमी माह्याशी बोलले नाही. मीही मग फटफटीच सजवत राह्यलो. काळ्या मातीत चाक अडकू नये म्हणून मडगार्ड वर उचललं, चढावर दमू नये म्हणून जब्बार मिस्त्रीकडून इंजिनचं काम करून घेतलं. मागं बसणाऱ्याची आठवण मले झालीच नाही. मागच्या बाजाराले आई कंबर धरून उतरली, ते तुमी ओट्यावरून पाह्यलं अन् तोंड फिरवलं.

आज सकाळी मागच्या सीटवर कापसाची जाड गादी बांधलेली दिसली. तिची खोळ हरण्याच्या पोळ्याच्या झुलीची. ती झूल तुमी कोणाले खुंटीवरून काढू देत नव्हते. आई बसून पाहून म्हणते, आता नागपूरपर्यंत ने.

अन् काल फटफटी मी अंगणात उभी केलती. सकाळी ती गोठ्यात होती, हरण्याच्या जागेवर.

लय बरं वाटलं, बाबा. आता रोज तिथंच लावत जातो.

दिगांबर