प्रानालच्या लाइनीकाठचे कुरण

मी, अल्फॉन्सीन राबेरँ, माहेरची व्हिदाल, एलोआ राबेरँची विधवा, राहणार ले ब्रुगेर वाडी, रेल्वे फाटकाचे घर, हे सर्व स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण गुडघ्यांना कायदा विचारत नाही. मला कोणी धमकावलेले नाही. लाडीगोडी मात्र लावून झाली आहे. तिचा समाचार पुढे येईल. यापूर्वी मी जे काही लिहिले किंवा रागाच्या भरात कोणाला बोलले असेन, ते रद्द समजावे.

मला मूल नाही. त्यामुळे माझे जे आहे ते मला हवे त्याला देता येते, असे नोटरी ब्रेसोल यांनी सांगितले आहे.

कलम पहिले. फाटकाचे घर, चूल, अक्रोडाच्या लाकडाचे कपाट आणि घरामागची चेस्टनटची झाडे भाचा तिएरी व्हिदाल याला द्यावीत. घर विकू नये असे मी म्हणत नाही. भिंतींना रंग देण्याआधी स्वयंपाकघराची खिडकी तेवढी एकदा उघडून उभे राहावे. त्या खिडकीतून माझ्या आईने आणि नंतर मी गाडी येताना पाहिली, बाहेर धावलो आणि फाटक पाडले. माझे वडील बोगद्याच्या दुरुस्तीत दगडाखाली गेले, तेव्हा आईला हे फाटक मिळाले. आई रडत बसली नाही. तिने शिट्टी ओळखायला शिकून घेतले आणि मलाही शिकवले.

भाच्याला एवढे घर मिळाल्यावर तो विचारील, "आणि कुरण, आत्या?" म्हणून पुढचे कलम.

कलम दुसरे. घर आणि रूळ यांच्यामधले लांबट कुरण तिएरीला मिळणार नाही. शेजारच्या प्रानाल गावात त्याचे हॉटेल आहे, ते चांगले चालते, त्याच्या मसुराच्या आमटीला मी नावे ठेवणार नाही. पण गेल्या ईस्टरला तो डुकराच्या मांसाचे सॉसेज घेऊन आला आणि म्हणाला, "आत्या, नुसतं गवत तर आहे तिथं. माझ्या गिऱ्हाइकांच्या गाड्या उभ्या राहतील."

मी म्हटले, "तू ज्या वाटेनं जगात आलास, त्या वाटेवर गाड्या लावणार होय रे?"

तो हसला. त्याला वाटले, म्हातारी कोड्यात बोलते. त्याच्या बापाने त्याला कधी काही सांगितले नसावे. म्हणून ते इथे लिहून ठेवते. मृत्युपत्र शेवटी सगळ्यांना वाचावेच लागते.

प्रानालची लाइन आमच्या आजोबांच्या पिढीने खोदली. त्याआधी मीठ खेचरांवरून यायचे. लाइन आली आणि आमचे चीज खाली सेंत-व्हिक्तुरच्या बाजारात ताजे पोहोचू लागले. जूनमध्ये मेंढ्यांच्या गाड्या वर यायच्या, तेव्हा अख्खी दरी बें-बें करायची. पोरे याच गाडीने शाळेला गेली, याच गाडीने युद्धावर गेली, त्यातली काही याच गाडीने परत आली. डॉक्टर, पोस्टमन, नवरीचे कपाट, सगळे गाडीने. रस्ता होता, पण तो खिंडीवरून जातो. लाइन खिंडीच्या पोटातून जाते. वरच्या साहेबांनी नकाशात दोन्ही रेघा सारख्याच जाडीच्या पाहिल्या आणि ठरवले की एक पुरे.

लाइन बंद झाली आणि तिच्या जागी बस आली. बसचा ड्रायव्हर झाला माझा सख्खा धाकटा भाऊ, सिप्रियाँ व्हिदाल. नवी टोपी घालून माझ्या फाटकापुढे त्याने हॉर्न वाजवला. "ताई, आता कशाला राखतेस फाटक? शेळ्यांसाठी?" मी त्याच्यासमोर फाटक पाडले आणि त्याचे प्रवासी हसेपर्यंत उचलले नाही. त्या दिवसापासून आमचे बोलणे तुटले.

त्याच हिवाळ्यात त्याची बायको मारिनेत हिला पहिलटकरणीच्या कळा सुरू झाल्या. मूल आडवे होते. सुईण म्हणाली, "हे माझ्या हातचं नाही. हिला खाली इस्पितळात न्या." सिप्रियाँ बस घेऊन खाली गेलेला, आणि खिंड बर्फाने बुजलेली. मारिनेत माझा हात धरून म्हणाली, "वन्सं, मला इथं मरू देऊ नका."

एलोआ तेव्हा माझा नवरा नव्हता. लाइन बंद झाल्याने रिकामा झालेला गँगमन होता, आणि रोज काहीतरी निमित्त काढून माझ्या दारात यायचा. त्याने शेडमधली रुळांवर ढकलायची ट्रॉली बाहेर काढली. रूळ अजून जागेवर होते. सगळी वाडी फावडी घेऊन आली. पाद्रीबाबासुद्धा झगा खोचून बर्फ उपसत होते. बोगद्याच्या तोंडापर्यंत रूळ मोकळे केले. मारिनेतला मेंढीच्या कातड्यात गुंडाळून ट्रॉलीवर निजवले, मी तिचे डोके मांडीवर घेतले, आणि एलोआने लाकडी दांड्याने चाकाला ब्रेक लावत उतारावर ट्रॉली सोडली. बोगद्यात काही दिसेना. मारिनेत ओरडायची, आणि तिच्या ओरडण्याला उत्तर म्हणून एलोआ मोठ्याने मेंढपाळांची गाणी म्हणायचा. त्याचा गळा भयंकर होता. त्याच बोगद्यात मी ठरवले की लग्न करीन तर याच्याशी.

बोगद्याच्या पलीकडे बर्फ नव्हता, नुसता पाऊस होता. सेंत-व्हिक्तुरच्या स्टेशनात सिप्रियाँ अडकून बसला होता. बोगद्याकडून ट्रॉली येताना दिसली तेव्हा तो फलाटावरून उडी मारून धावला. मला वाटले, आता रडेल. तो म्हणाला, "बंद लाइनीवर यायची परवानगी कुणी दिली?"

"तुझ्या बायकोनं," मी म्हटले. "उचल तिला."

संध्याकाळी तिएरी जन्मला. आई आणि मूल दोघेही वाचले. सिप्रियाँने आभाराचा एक शब्द काढला नाही, आणि ते माझ्या मनाला फार लागले. त्या दिवशी बर्फ उपसून गोठलेली माझी बोटे अजून थंडीत ठणकतात. तितकेच ते ठणकत राहिले.

मग वसंतात रूळ उखडायला ट्रक आले. आम्ही बायका फाटकाशी विणकाम घेऊन बसलो होतो, पण ट्रकपुढे विणकाम किती टिकणार? तेवढ्यात खालून बस आली आणि फाटकाच्या मधोमध आडवी थांबली. सिप्रियाँ उतरला, इंजिनाचे झाकण उघडले, त्यातून काहीतरी काढून खिशात घातले आणि पायरीवर बसून चीज खाऊ लागला.

मुकादम ओरडला, "बाजूला घे ती बस!"

"बिघडलीय," सिप्रियाँ म्हणाला. "जुनी आहे. माझ्या बहिणीसारखी. हलतच नाही."

मला हसू आवरेना. मी त्याला वाइनचा पेला नेऊन दिला. बस अनेक दिवस बिघडलेलीच राहिली. तोवर प्रानालच्या लाकूडगिरणीवाल्याने अर्ज केला, वर्तमानपत्रात फोटो आला, आणि रूळ मालगाडीसाठी राखायचे ठरले. सिप्रियाँची नोकरी गेली. त्याने त्याचे कधी भांडवल केले नाही. आभार मानायची त्याची ही रीत होती, हे मला कळले.

लाकडामुळे लाइन जगली, आणि आता परत प्रवासी गाडी धावते, दोन डब्यांची, निळी, झोकदार. पण ती ले ब्रुगेरला थांबत नाही. आम्ही राखलेल्या लाइनीवरून ती आमच्याच नाकासमोरून निघून जाते. रेल्वेच्या बाई घरी आल्या होत्या, नम्र होत्या. म्हणाल्या, "थांबा देता येईल, पण फलाटाला जागाच नाही हो."

जागा आहे. कुरण मी फलाटासाठी फुकट देत आहे. अट एकच: वर जाणारी आणि खाली जाणारी प्रत्येक गाडी, फलाटावर एक माणूस जरी हात करून उभा असला तरी, थांबली पाहिजे. अट मोडली तर कुरण वाडीच्या मेंढ्यांना जावे. पार्किंगला कोणत्याही परिस्थितीत नाही.

कलम तिसरे. एलोआची अवजारे वाडीत ज्याच्या हाताला ती शोभतील त्याने न्यावीत. निवड मारिनेतने करावी. तिला माझी लोकरीची शालही द्यावी. पाद्रीबाबांच्या जागी आलेल्या नव्या पाद्र्यांना काही नाही. ते मोटारीने येतात.

ते ऐकून नोटरी ब्रेसोल म्हणाले, "बाई, एवढं लिहायलाच हवं का?" हवे.

हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत, असेही ते म्हणाले. कायद्याला लागत नसतील. मला हवेत. म्हणून दोघांना बोलावून, वर लिहिलेले सगळे मोठ्याने वाचून दाखवले. मारिनेत डोळे पुसत राहिली. सिप्रियाँ खिडकीबाहेर बघत राहिला. शेवटी म्हणाला, "ताई, एक राहिलं. आपल्या वरच्या वाड्यांतली माणसं तुझ्या फलाटापर्यंत येणार कशी? बस वळायला जागा ठेव."

कलम चौथे. कुरणाच्या वरच्या टोकाला बस वळेल एवढी जागा ठेवावी.

ठिकाण: ले ब्रुगेर. दिनांक: ९ ऑक्टोबर १९९४.

सही: अल्फॉन्सीन राबेरँ

साक्षीदार: मारिनेत व्हिदाल
साक्षीदार: सिप्रियाँ व्हिदाल, बसचालक